हत्यारांची पिशवी

वडिलांनी तिला फौजदार म्हणायला सुरुवात केली तेव्हा ती सहा वर्षांची होती. वडील लिफ्ट दुरुस्त करणारे मिस्त्री. एका सुट्टीच्या दिवशी ते तिला सोबत घेऊन गेले, आणि गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत तिनं त्यांची अशी उलटतपासणी घेतली की घरी आल्या आल्या ते बायकोला म्हणाले, “ही पोरगी नाही, फौजदार आहे. मी म्हटलं बेअरिंग गेलंय, तर म्हणते कशावरून? म्हटलं आवाजावरून. तर म्हणते, आवाज म्हणजे त्यातला नक्की कुठला?”

या प्रश्नाचं उत्तर मिस्त्रींना तेव्हाही देता आलं नाही आणि पुढंही नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ते मोटारीच्या अंगाला टेकवत, मूठ कानाला लावत, डोळे मिटत आणि सांगत, ब्रेकचं लायनर झिजलंय, किंवा काही झालेलं नाही, उगाच बोलावलंत. सव्वीस वर्षांत ते चुकले असतील तर बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. पण कसं कळतं म्हणून विचारलं की म्हणायचे, “अगं, बोलतंय की ते. तुला ऐकू येत नाही?”

फौजदाराला ऐकू येत नव्हतं. म्हणून मोठी झाल्यावर तिनं ठरवलं, आपल्याला नाही तर नाही, यंत्राला तरी ऐकायला शिकवायचं.

इंजिनिअरिंग झाल्यावर तिला लिफ्टच्याच एका कंपनीत तक्रारी नोंदवून घ्यायची नोकरी मिळाली. दिवसभर लोकांचा आरडाओरडा ऐकायचा, आणि सुट्टीच्या दिवशी बाबांच्या मागोमाग जिने चढायचे. मशीनच्या खोलीत शिरल्या शिरल्या ती फोनवर आवाज टिपायला सुरुवात करी. मिस्त्री ऐकत आणि निदान सांगत. ते निदान ती वहीत उतरवून ठेवी. तीन वर्षांत अशी चारशे बारा रेकॉर्डिंगं जमली. त्यातली बरीचशी तिनं कॉम्प्युटरला शिकवण्यासाठी वापरली आणि उरलेली परीक्षेसाठी झाकून ठेवली. बिघाड आहे की नाही, एवढंच ओळखायचं होतं. कॉम्प्युटरनं ती ऐकून शंभरातली चौऱ्याण्णव बरोबर ओळखली. त्या दिवशी तिनं आईला उचलून गोल फिरवलं होतं.

आई एका कॉलेजच्या परीक्षा विभागात. एकवीस वर्षं गुणपत्रिका तपासण्यात गेलेली बाई. मुलीच्या कामातलं तिला अर्धंच कळे, काळजी मात्र ती पूर्ण करी. कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या संशोधन पदवीसाठी मुलीनं आदल्या वर्षी चार ठिकाणी अर्ज केले होते आणि चारही ठिकाणांहून दोन-दोन ओळींचे नकार आले होते. या वर्षी तिनं एकाच विभागावर सगळी भिस्त ठेवली होती, कारण तिथं यंत्रांच्या आवाजांवरच काम चालायचं. त्यांची एक अट होती. पहिली पदवी घेऊन पाच वर्षांहून जास्त झालेली नसावीत. फौजदाराचं हे पाचवं वर्ष. हा अर्ज गेला नाही, किंवा जाऊन फसला, तर पुन्हा तक्रारींची खिडकी आणि “मॅडम, मी अर्धा तास अडकलोय” हे ऐकणं.

अर्जाची मुदत रविवारी संध्याकाळी साडेसहापर्यंत होती.

त्या रविवारी दुपारी पावणेचारच्या सुमाराला आई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. मुलगी बाहेरच्या खोलीत जेवणाच्या टेबलावर. सगळा अर्ज तयार होता, फक्त नमुन्याचे दोन आवाज जोडायचे राहिले होते. कोणते घ्यावेत म्हणून ती एकेक वाजवून बघत होती आणि स्वतःशीच पुटपुटत होती. “हे बिघाडाचं... हे चांगलं... हेही बिघाडाचं.”

मोटारीची घरघर आली. मग धप्. आणि क्षणभरानं ठण्.

आईचा हात थांबला. हा आवाज ती सव्वीस वर्षं रोज ऐकत आली होती. मिस्त्रींची हत्यारांची कॅनव्हासची पिशवी जमिनीवर टेकली की आधी धप् व्हायचं, आणि मग आतला मोठा पाना कलंडून ठण् वाजायचा. ठण् जोरात आला की दिवस वाईट गेला, हे ओळखून ती आधी चहा ठेवी आणि मग बोले.

दुसरं रेकॉर्डिंग लागलं. नुसती घरघर. “हे चांगलं,” मुलगी पुटपुटली. तिसऱ्यात घरघर, धप्, ठण्. “हे बिघाडाचं.”

चौथ्यापासून आई मुलीच्या आधी मनात उत्तर देऊ लागली. चौथं बरोबर, पाचवंही बरोबर. पुढची तीन तिनं शेंगेकडे बघत बघत ओळखली. तिला मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी एकही चुकलं नाही.

मग तिच्या ध्यानात आलं, कॉम्प्युटरही असाच ओळखत असणार.

मिस्त्री ऐकताना पिशवी खांद्यालाच ठेवायचे. मशीन ठीक असेल तर तसेच माघारी वळायचे, आणि काम निघालं तरच, तोंडातून शब्द फुटायच्या आधी, पिशवी खाली ठेवायचे. मुलीनं प्रत्येक रेकॉर्डिंगमधून बाबांचं बोलणं आठवणीनं कापलं होतं. नाहीतर उत्तर यंत्राला फुकटच ऐकू येईल, असं तिनं आईला समजावूनही सांगितलं होतं. बाबांचा आवाज तिनं काढला, पिशवीचा राहून गेला. त्या घरात तो इतका रोजचा होता की वेगळा आवाज म्हणून कुणाला ऐकूच येत नव्हता.

आईनं वर बघितलं. भिंतीवरचं घड्याळ समोरच होतं. सांगितलं तर अडीच तासांत ही पोर काय करणार? नाही सांगितलं तर कुणाला कळणार आहे? तिकडच्या लोकांनी का मिस्त्रींची पिशवी ऐकलीय? मांजरानं डोळे मिटून दूध प्यावं तशी ती खाली मान घालून शेंगा सोलत राहिली. सोललेल्या शेंगांची सालं चुकून दाण्यांत पडत होती, ती पुन्हा वेचत राहिली. अर्धा तास असा गेला.

मग मुलगी पाणी प्यायला आत आली. केस विस्कटलेले, पण चेहरा उजळलेला. “आई, मला एवढंच भारी वाटतं गं. बाबांना सव्वीस वर्षं जे सांगता आलं नाही, ते त्या मशीनला कळलं.”

“नाही कळलं,” आई म्हणाली.

“काय?”

“मशीनला मोटार नाही कळली. तिला आपल्या घरची पिशवी कळलीय. पुन्हा वाजव, तुला दाखवते.”

पाच रेकॉर्डिंगं वाजल्यावर फौजदार खुर्चीत बसली ती बसलीच. मग तिनं विचारलं, “तुला हे कधी कळलं?”

“अर्धा तास झाला.”

“आणि तू गप्प बसलीस? अर्धा तास? आई, माझ्याकडे अर्धे अर्धे तास किती राहिलेत?”

“भीती वाटली मला.”

“तुझी भीती ठेव बाजूला, मला आता...” ती मध्येच थांबली. जिन्यावर पावलं वाजली होती.

मिस्त्री दारातून आत आले. घाम पुसत त्यांनी सवयीनं पिशवी खाली ठेवली. धप्. ठण्. मुलगी एकदम ओरडली, “बाबा, हलू नका! पुन्हा ठेवा!”

“काय पुन्हा ठेवू?”

“पिशवी! उचला आणि ठेवा. बोलू नका काही.”

मिस्त्रींनी बायकोकडे बघितलं. बायकोनं मान हलवली. त्यांनी पिशवी उचलली आणि ठेवली. मुलीनं तो आवाज टिपला आणि कॉम्प्युटरला ऐकवला. त्या आवाजात मोटार नव्हती, लिफ्ट नव्हती, नुसती बाहेरची खोली होती. कॉम्प्युटरनं उत्तर दिलं, बिघाड. खात्री, अठ्ठ्याण्णव टक्के.

“बिघाड? कुणाचा?” मिस्त्री म्हणाले. “माझा की घराचा?”

मुलीनं त्यांना सगळं सांगितलं तसे ते पिशवीकडे असे बघू लागले, जणू ती चावलीच होती.

मग तिनं घाईघाईनं एक छोटा प्रोग्रॅम लिहून एकेका रेकॉर्डिंगमधून पिशवीच्या आधीचाच तुकडा ठेवला आणि कॉम्प्युटरला पुन्हा पहिल्यापासून शिकायला लावलं. त्याला पाऊण तास लागणार होता. तोवर तिनं कॉलेजमधल्या सरांना फोन केला, कारण शिफारसपत्रात त्यांनीही चौऱ्याण्णवचा आकडा कौतुकानं लिहिला होता आणि ते पत्र केव्हाच पोचलं होतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी आजच त्यांना कळवतो. तुझं तू ठरव.”

पाऊण तास तिघंही त्याच खोलीत बसून होते. आईनं चहा केला आणि तो तसाच निवला. मिस्त्री एकदा म्हणाले, “कदाचित नव्वद येतील.” पाच वाजून चाळीस मिनिटांनी आकडा आला. एकसष्ट.

“नाणं उडवलं असतं तरी पन्नास आले असते,” ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

“पाठव की तसाच,” मिस्त्री म्हणाले. “नाहीतर आकडाच काढून टाक. लिही, बरं चालतं म्हणून.”

“बाबा, सरांच्या पत्रात आकडा आहे. मी काढला तर चोरी, ठेवला तर थाप. आणि एकसष्टवाल्याला कोण घेतं? नाहीच पाठवत.”

आईनं लॅपटॉपवर हात ठेवला. मिटू दिला नाही.

“आमच्याकडं गुण चुकीचे चढले तर काय करतात, माहितीय?” ती म्हणाली. “खोडून, घासून, वर पांढरा रंग लावून नवा आकडा लिहिला, तर ती गुणपत्रिका मी उभ्या जन्मात पुढे जाऊ देत नाही. जुन्या आकड्यावर एकच रेघ मारायची. तो खालून वाचता आला पाहिजे. शेजारी खरा लिहायचा, कारण लिहायचं आणि सही करायची. ते चालतं. तेवढंच चालतं.”

“ते गुणपत्रिकेचं झालं, आई.”

“मग हे कशाचं आहे?”

सहा वाजून गेले होते. फौजदारानं खुर्ची पुढे ओढली. अर्जात शब्दांची मर्यादा होती, म्हणून पुढच्या दहा वर्षांत आपण काय काय करू याचा परिच्छेद, जो तिनं महिनाभर घासला होता, तो एका फटक्यात उडवला. चौऱ्याण्णववर रेघ मारली, शेजारी एकसष्ट लिहिलं. खाली पिशवीची हकिगत लिहिली: खांद्यावर केव्हा असते, खाली केव्हा येते, पाना कसा कलंडतो, आणि ते एका बाईला शेंगा सोलताना कसं कळलं. नमुन्याचा तिसरा आवाज जोडला, मोटार नसलेल्या खोलीतला, नुसत्या पिशवीचा. मिस्त्री मागे उभे राहून मिनिटं मोजत होते. शेवटी ती ओरडली, “बाबा, मोजू नका हो!” सहा चोवीसला तिनं बटण दाबलं. पडद्यावर गोल फिरत राहिलं, इतका वेळ की आईनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तिथं लिहिलेलं होतं, अर्ज मिळाला.

“झालं?” मिस्त्रींनी विचारलं.

“गेला,” ती म्हणाली. “झालं की नाही ते त्यांना माहीत.”

पाच आठवड्यांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. त्यात एक ओळ जास्तीची होती: नुसत्या पिशवीचा तो आवाज पुन्हा ऐकायचा आहे, तयार ठेवावा. मुलाखत झाली. निकाल यायचा आहे. आई ऑफिसातून आल्यावर आधी मुलीच्या चेहऱ्याकडे बघते.

मुलीनं रेकॉर्डिंगं पुन्हा पहिल्यापासून सुरू केली आहेत. बाबांना सक्त ताकीद आहे की मशीन चांगलं असो वा वाईट, पिशवी खोलीबाहेरच आणि हळूच ठेवायची. मिस्त्रींना ती सवय इतकी लागली आहे की घरीही ते दारात वाकून, पाना धरून पिशवी टेकवतात. मुळीच आवाज होत नाही. त्यामुळं हल्ली आईला स्वयंपाकघरातून काही कळत नाही. चहा ठेवायच्या आधी तिला बाहेर येऊन विचारावं लागतं, “अहो, कसा गेला दिवस?”