शिवलिंगनं शिकवलेली तपासणी

शिवलिंग गेल्याचं त्याच्या थोरल्या भावानं दवाखान्यात येऊन सांगितलं, तेव्हा मी एका रोग्याच्या गुडघ्यावर हातोडी मारत होतो. पाय उडाला... आणि मी तो पाहिलाच नाही. त्याला आता महिना उलटून गेला.

आम्ही दोघे पुण्याला डॉक्टरी शिकलो. शेवटच्या परीक्षेआधीच्या सुट्टीत सोलापूरला, शुक्रवार पेठेतल्या त्याच्या घरी, माडीवर अभ्यास चाले. मज्जातंतूंचे विकार माझ्या काही केल्या लक्षात राहत नसत. शिवलिंग मला पुस्तक मिटायला लावून खिडकीशी बसवी. खालून अर्धांगवायूचा माणूस गेला, की त्याचा पाय बाहेरून कसा गोल ओढला जातो ते दाखवी. कंपवाताचा म्हातारा दिसला, की स्वतः उठून तशीच आखूड, घाईची पावलं टाके. तळपायावर किल्ली ओढून अंगठा खाली वळतो की वर येतो, हे आम्ही एकमेकांवर पाहत असू. निरोगी माणसाचा तो खालीच वळतो.

एका दुपारी त्याचा अंगठा वर आला. माझाच हात चुकला असेल, असं मी म्हटलं. त्यानं पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. मग तो सदरा काढून बसला. दंडावरचं मांस कातडीखाली आपोआप थरथरत होतं. हाताच्या अंगठ्याजवळचा भाग आत गेला होता.

"दुखण्याचं नाव घेऊ नकोस, वामन," तो म्हणाला. "परीक्षकापुढे करशील तशी तपासणी पुरी कर. टाचणी टोच. जीभ बघ."

टाचणी त्याला सगळीकडे नीट कळली. जिभेवर मात्र तीच थरथर होती... स्नायू झिजवत नेणाऱ्या त्या दुखण्याचं पान एव्हाना आम्हा दोघांना पाठ होतं. त्यात उपचार नव्हता. खालून त्याची आई, अव्वा, चहासाठी कन्नडमधून हाका मारत होती.

परीक्षेला बसू नकोस, असं मी त्याला परोपरीनं सांगितलं. ज्यांच्या दुखण्याला औषध आहे ते तरी माझ्या हातून बरे होऊ देत, असं त्याचं म्हणणं. तो पास झाला, मोहोळला त्यानं दवाखाना थाटला. तिथे एक बाई फेफरं येणाऱ्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या अंगावर देवऋष्यानं दिलेले डाग होते. शिवलिंगनं ब्रोमाइड सुरू केलं. फेफरं आलं की तोंडात काही कोंबायचं नाही, कुशीवर वळवायचं, हे त्यानं स्वतः जमिनीवर पडून बाईला शिकवलं. नंतर त्याला उठता येईना, तेव्हा तिनंच धरून उठवलं.

पुढे वाचा गेली, घास उतरेना, आणि भावानं त्याला सोलापूरला आणलं. माझा दवाखाना तिथेच, मी रोज जाई. अव्वा त्याला दुधात कुस्करलेली भाकरी भरवी. एखाद्या रोग्याची लक्षणं सांगून एकेक विकाराचं नाव घेई. बरोबर नावाला तो पापण्या मिटी. अजूनही निदान करताना मी क्षणभर थांबतो... कशासाठी, ते रोग्याला कळत नाही.

त्याला माती दिली त्या दिवशी मोहोळची ती बाई आली होती. "पोर वरीसभर पडली न्हाय," ती मला म्हणाली. "त्येच सांगाया निगाले हुते, तर हितं हे..."

परवा अव्वाकडे गेलो. ती भाकरी दुधात कुस्करत होती, गुठळी राहू नये म्हणून बोटांनी पुनःपुन्हा चाचपत. कुणासाठी, असं मी विचारलं. स्वतःसाठीच, म्हणाली. अव्वाचे सगळे दात शाबूत आहेत.