पूजा सोसणारा लॅपटॉप

गणपती बोळवून झाले होते आणि दसरा यायचा होता. त्या मधल्या सुस्त दिवसांत मला पुण्याहून एका मुलीचा फोन आला. लॅपटॉप बनवणाऱ्या एका कंपनीसाठी ती लोकांची मतं गोळा करत होती आणि माझा नंबर तिला सुटे भाग पुरवणाऱ्या व्यापाऱ्याकडून मिळाला होता. आवाज गोड, मराठी अगदी इस्त्री केलेली.

‘सर, पुढच्या पिढीच्या प्रोफेशनल लॅपटॉपमध्ये वापरणाऱ्यांना नेमकं काय हवंय, असं तुम्हाला वाटतं?’

आमच्या गावात, चामोर्शीत, मला कुणी सर म्हणत नाही. लहानथोर सगळ्यांचा मी भाऊ. त्यामुळे मी खुर्चीत जरा सरळ होऊन बसलो आणि म्हणालो, ‘मॅडम, त्याने पूजा सोसली पाहिजे.’

पलीकडून हळूच प्रश्न आला, ‘पूजा म्हणजे कोण, सर?’

मला हसू आवरेना. ती बिचारी माफी मागू लागली, तेव्हा मी म्हणालो की वेळ असेल तर सांगतो. वेळ आहे म्हणाली. पण तिला सांगितलं ते इथे सांगायचं, तर आधी दुकानाबद्दल थोडं सांगायला हवं.

आठवडी बाजाराच्या रस्त्यावर माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. आधी ते अब्बांचं होतं. ते रेडिओ दुरुस्त करायचे, पुढे टीव्ही करू लागले, माझ्या वाट्याला लॅपटॉप आले. अब्बांच्या काळी रेडिओतून पालीची अंडी निघायची, माझ्या काळी लॅपटॉपमधून मुंग्या निघतात. धंदा तोच आहे, प्राणी तेवढे बदलले.

जाहिरातीत लॅपटॉप नेहमी कुणाच्या तरी मांडीवर असतो. आमच्याकडे मे महिन्यात कुणी तो तासभर मांडीवर घेऊन दाखवावा, मी दुकानाच्या पाटीवर त्याचं नाव लिहीन. मोहर्लीला सफारीच्या पर्यटकांची सोय करणारा एकजण येतो, त्याच्या लॅपटॉपच्या पंख्यात जिप्सी गाड्यांनी उडवलेली तांबडी धूळ अशी भरलेली असते की त्यात मेथी पेरावी. धानोऱ्याचे एक गुरुजी आहेत. शाळेच्या व्हरांड्यात उजेडापायी त्यांना स्क्रीन दिसत नाही, म्हणून ते डोक्यावरून शाल घेऊन काम करतात आणि पोरं विचारतात, गुरुजी, थंडी वाजून राह्यली का? असे सगळे येतात, आपापलं दुखणं सांगतात. पण लॅपटॉप आणखी पातळ पाहिजे म्हणणारं गिऱ्हाईक माझ्याकडे एकच आलं. आमच्याकडे पातळ करायचं ते वरण, तेही पाहुणे वाढले तर.

ते एक गिऱ्हाईक म्हणजे जवळच्याच एका गावची मुलगी. डिप्लोमा झालेली. नागपूरच्या एका इंजिनीअरच्या ऑफिससाठी ती इमारतींचे नकाशे काढते, आणि तेही आपल्या घरी बसून. तिचा लॅपटॉप मीच दिलेला, जुना, जाडजूड, कुठल्याशा मोठ्या ऑफिसातून निवृत्त झालेला. त्याला ती म्हैस म्हणायची. दुकानासमोरून जाताना थांबून विचारायची, ‘भाऊ, माह्या म्हशीच्या बदल्यात बारीकवाला कधी देता?’

गेल्या वर्षीच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी नुकतंच शटर वर केलं होतं. ही मुलगी आणि तिची आई आत आल्या. आईच्या डोक्यावर पोतं होतं. ते तिने काउंटरवर ठेवलं, सुतळी सोडली, आणि माझ्या काउंटरवर धान, म्हणजे न सडलेला भात, पसरलं. त्या धानात कोपरापर्यंत हात घालून तिने म्हैस बाहेर काढली. झाकणावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती.

‘हे काय होय, बाई?’

‘काल दसरा होता न, भाऊ.’

मग तिने सगळं सांगितलं. त्यांच्या घरी दसऱ्याला नांगर, विळे, कुऱ्हाड, फावडं, सगळं धुऊन ओळीने मांडतात आणि पूजा करतात. ज्याच्यावर घर चालते त्याचे पाय धराचे असते, असं तिचं म्हणणं. घर आता या मशीनवरही चालतं, मग ती कशी वगळायची? मुलगी अंगणात रांगोळी काढत होती, तेवढ्यात आईने लॅपटॉप पाटावर मांडला. सुरू होता तो सुरूच ठेवला आणि झाकण उघडं ठेवलं, कारण तोंड झाकलेल्या देवाची पूजा कशी करणार? फुलाने पाणी शिंपडलं. बटणांवर हळदकुंकू वाहिलं. नारळ फोडला आणि त्याचं पाणीही चहूकडे शिंपडलं, जरा सढळ हातानेच, कारण पोरीचं काम चांगलं चालावं अशी मनापासून इच्छा.

स्क्रीन काळी झाली तेव्हा मुलगी धावत आत आली. ओली वस्तू तांदळात ठेवतात असं काहीतरी ती ओरडली आणि मला फोन लावायला बाहेर पळाली. बाजार बंद होता आणि माझा फोन घरी कुठेतरी उशीखाली. ती परत येईपर्यंत आईने लॅपटॉप धानाच्या ढोलीत, त्या बांबूच्या उंच कणगीत, जेवढा हात पोचेल तेवढा खोल पुरून टाकला होता. रात्रभर तो तिथेच होता.

माझं डोकं फिरलं. ‘बाई, लोक तांदूळ म्हणतात, तांदूळ! त्याचाबी काही उपयोग नसते, पन निदान तांदूळ तं ठेवाचा! हे धान होय. त्याले कोंडा असते, कुसळ असते, माती असते. तांदूळ अन् धान यातला फरक तुमाले म्या सांगाचा का?’

तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. ‘तांदूर धानातच तं असते जी.’

मी पंचा घेऊन म्हशीचं झाकण पुसू लागलो.

मग मुलगी पहिल्यांदा बोलली. ‘भाऊ, म्हैस गेली तं जाऊ द्या. आतला नकाशा पायजे.’

एका शाळेच्या इमारतीचा नकाशा. सगळं नवरात्र ती त्याच्यावर बसली होती, आणि तो संध्याकाळपर्यंत नागपूरला पोचायला हवा होता. दुसरीकडे कुठे ठेवलेला नव्हता, गावात नेटचा पत्ता वाऱ्यावर अवलंबून. आधीही एकदा वीज गेली म्हणून तिचं काम उशिरा पोचलं होतं, तेव्हा साहेबांनी सांगून ठेवलं होतं की पुन्हा असं झालं तर घरून काम बंद, नागपूरला येऊन बसायचं.

‘नागपूर काही लंका नाई,’ मी म्हणालो. तिला धीर द्यायचा म्हणूनच म्हणालो.

‘राह्यली न मी तिथी. सहा पोरी एका खोलीत.’ ती काउंटरवरचे धानाचे दाणे एकेक करून वेचत होती. ‘मी लोकाईच्या घराचे नकाशे काढतो भाऊ, अन् मलेच माह्या घरात राह्यता येत नाई, हे काय होय?’

आई दाराच्या पायरीवर जाऊन बसली. रस्त्याकडे तोंड करून म्हणाली, ‘माह्याच हातानं पोरीले घरातून काढली म्या.’ ते ऐकलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. उरलं ते फक्त वाईट वाटणं. मी पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, हातात घेतलं.

आता या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. नवे पातळ लॅपटॉप येतात ना, त्यात बॅटरी डिंक लावल्यासारखी चिकटवलेली असते, आणि ज्यात सगळं काम साठवलेलं असतं तो तुकडा मुख्य पाटीवरच, मदरबोर्डवरच, डाख देऊन पक्का जोडलेला असतो. पाटी मेली की कामही गेलं. मुलगी मागत होती तो बारीकवाला मी तिला दिला असता, तर त्या सकाळी मी तो न उघडताच हात जोडले असते.

म्हैस मात्र साध्या स्क्रूंची. मागचं झाकण सहज निघालं. आत कोंडाच कोंडा. पंख्याच्या पात्यांत कुसळं अडकलेली, एका कोपऱ्यात मेलेला किडा, बटणांखाली कुंकवाचा चिखल. ते पाहून मला आशा वाटेना. आणि तेवढ्यात मला मुंग्या दिसल्या.

एक बारीकशी रांग होती. बटणांखालून निघायची, प्लास्टिकच्या एका चिंचोळ्या पन्हळीतून चालत जायची आणि तळाच्या भोकातून बाहेर पडायची. मी भिंग लावून पाहिलं. नारळाचं गोड पाणी ज्या वाटेने गेलं, त्याच वाटेने त्या चालल्या होत्या. इकडे नाही, तिकडे नाही. म्हणजे पाणी बटणं मारून थेट बाहेर पडलं होतं, आतल्या तुकड्याला शिवलंही नव्हतं. कौलांवरचं पाणी पन्हळीतून अंगणात पडावं, तसं.

हा लॅपटॉप मी कितीदा उघडला असेन, पण ती पन्हळ कशासाठी आहे याचा कधी विचार केला नव्हता. कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी टेबलाशी बसून कुणीतरी तो केला होता. माणूस आहे, त्याच्या हातून काहीतरी सांडणारच, तर ते बाहेर जायला वाट ठेवू या. त्याच्या डोळ्यांसमोर कॉफी असेल. दसऱ्याचा नारळ त्याच्या स्वप्नातही आला नसेल. पण त्याने सांडणाऱ्या माणसाला वेंधळं ठरवलं नाही, त्याच्यासाठी जागा ठेवली. त्या अनोळखी माणसाबद्दल मला इतकं प्रेम वाटलं की तो समोर असता तर मी त्याला चहा पाजला असता.

मी तो साठवणीचा तुकडा काढला, ब्रशने झटकला, माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडला. आई पायरीवरून उठून माझ्या पाठीशी आली. ‘दिसून राह्यलं का जी?’ मी म्हटलं, थांबा. ‘आता?’ थांबा बाई, श्वास तं घेऊ द्या मशीनले.

मग फोल्डर उघडलं आणि शाळा पडद्यावर आली.

मुलगी रडली नाही की काही नाही. तिने मला खुर्चीतून उठवलं, स्वतः बसली आणि एकेक पान उघडून तपासू लागली. आई वाकून बघत होती. आपली मुलगी काय काढते हे ती इतक्या जवळून कधी पाहायला गेलीच नव्हती. मुलीने तिला बोट ठेवून दाखवलं, हे दार, हे पाचवीचा वर्ग, हे पोरींचं संडास, हे पानी पियाची जागा. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘येवढी मोठी शाळा माह्या ढोलीत होती?’

नकाशा माझ्याच दुकानातून गेला. दुपारी नागपूरहून उत्तर आलं, मिळाला म्हणून, एवढंच. पण त्या एका शब्दावर आई माझ्या काउंटरवरचं सगळं धान हाताने गोळा करून पोत्यात भरू लागली आणि भरता भरता हसू लागली. मी आणि मुलगीही हसू लागलो. बटणांची पाटी आणि पंखा बदलून म्हैस पुढच्याच आठवड्यात घरी गेली. बारीकवाला मुलीने पुन्हा मागितला नाही.

पुण्याच्या मुलीने हे सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, ‘म्हणजे सर, आम्ही वॉटरप्रूफ असं लिहू?’

‘नाही मॅडम,’ मी म्हणालो. ‘पाणी जाणारच. तुम्ही कितीही बंद करा, आमचे लोक कुठून तरी घालतीलच. तुम्ही एवढंच लिहा की गेलेलं पाणी बाहेर यायला वाट ठेवा. आणि आमच्यासारख्याला साध्या पेचकसाने आत जायला वाट ठेवा. माणसाचं काम मशीनबरोबर मरू देऊ नका. मग काय पातळ करायचं ते करा.’

ती लिहीत होती, बटणांचा आवाज येत होता. मग तो थांबला. ‘सर, माझी आई पण करते पूजा,’ ती म्हणाली, आणि तिच्या मराठीची इस्त्री जरा मोडली. ‘माझ्या लॅपटॉपची. मी तिच्या अंगावर ओरडते दरवर्षी, पाणी घेऊन जवळ येऊ नकोस म्हणून.’

‘ओरडू नका,’ मी म्हणालो. ‘झाकण लावून द्या, बस.’

मी सांगितलं तसंच पाठवते, असं तिने कबूल केलं. कंपनीत कुणीतरी ते वाचेल, असं मला खरंच वाटतं. ज्याने ती पन्हळ केली त्यालाही कुणीतरी काहीतरी सांगितलंच असणार ना.

या दसऱ्याला संध्याकाळी लोक सोनं वाटत फिरत होते. मी दुकान अर्धं उघडं ठेवून बसलो होतो, माझी बायकोही शेजारी येऊन बसली होती. म्हैसवाल्या मुलीची आई आली. हातात आपट्याची पानं, पूजेचं ताट आणि पाण्याचा गडवा. गडवा पाहताच मी काउंटरवरचे दुरुस्तीचे लॅपटॉप भराभर मागे सरकवले.

‘भेऊ नका जी,’ ती म्हणाली. ‘म्हशीले औंदा कोरडंच फूल वाह्यलं. तुमचं पेचकस द्या. ज्यानं उघडलं ते.’

मी तिला ते दिलं. तिने ते काउंटरवर ठेवलं, हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि वर गडव्यातलं पाणी शिंपडलं, पहिल्यासारखंच सढळ हाताने. ‘अब इसको सुखाने को धान मंगाऊँ क्या?’ बायको म्हणाली, आणि ती बाई तोंडाला पदर लावून हसली. मग माझ्या हातात तिने सोनं ठेवलं.

‘पोरगी नाई आली?’ मी विचारलं.

‘घरी हाय जी,’ ती म्हणाली. ‘काम करून राह्यली.’