डिस्कखालच्या नोंदी

नव्वदच्या दशकात मी बारामतीतल्या एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये नोकरीला होतो. आसपासच्या गावांतून आलेल्या अर्जांवरून ऊस लागणीच्या नोंदी आमच्याकडे टाइप व्हायच्या. एकच युनिक्स मशीन, त्याला चार टर्मिनल, आणि खोलीत जाताना चपला बाहेर. युनिक्स येणारा मी एकटा, त्यामुळे माझी कॉलर कायम ताठ.

डिस्कचे दोन भाग केलेले होते, पार्टिशन. एकात मशीनचं आपलं सामान, दुसऱ्यात सगळ्या नोंदी. मशीन सुरू झालं की हा दुसरा भाग एका रिकाम्या फोल्डरवर जोडला जायचा. त्याला माउंट म्हणतात, आम्ही ‘चढवणं’ म्हणायचो.

टायपिस्ट दोघी होत्या. एक आमच्या भावकीतली, तिला मी ‘अहो’ म्हणायचो. दुसरी शेळगावची, बौद्ध कुटुंबातली, पगारी नोकरीला जाणारी घरातली पहिली. तिला ‘अगं’. हा फरक तेव्हा माझा मला ऐकूही येत नव्हता. तिची तात्पुरती नेमणूक महिनाअखेर संपणार होती आणि मालक तिला कायम करायच्या विचारात होते.

भावकीतलं एक लग्न कऱ्हाटीला होतं. भावकीतली टायपिस्ट आणि मी तिकडे गेलो, शेळगावची एकटी राहिली. पहिल्याच सकाळी वीज गेली, मशीन धाडकन बंद पडलं. पुन्हा सुरू झालं, पण नोंदींचा भाग काही चढला नाही. प्रोग्रामला फोल्डर रिकामं दिसलं, त्यानं गुपचूप नवी फाइल उघडली. तिनं त्यात दोन दिवस टाइप केलं.

मी परतलो तेव्हा मालक घामाघूम. “अवो, जुन्या नोंदी दिसंनात!” मी बसलो. चढलेल्या भागांची यादी काढली, तर आमचा भाग तिथं नव्हताच. मग तपासणीचा प्रोग्राम चालवला. त्यानं विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला न वाचताच ‘हो’ म्हटलं, आणि भाग चढवला. सगळं परत आलं. मालकांनी भेळ मागवली. मी छाती फुगवून बसलो.

फक्त तिच्या दोन दिवसांच्या नोंदी कुठंच नव्हत्या. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. ‘बघतो’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणालो, “हिनं टाइपच केलं नसेल. मशीन खोटं बोलत नाही.”

“केलंय सर,” ती म्हणाली. “एकशेबारा अर्ज. परत्येकावर हिरवी खूण हाय, बघा की.”

“खुणा काय, कुणीही करील.”

तेच अर्ज तिनं पुन्हा पहिल्यापासून टाइप केले. महिनाअखेर मालकांनी तिला निरोप दिला. “काम बरं हाय पोरीचं, पन भरवसा न्हाय,” ते मला म्हणाले. वाक्य त्यांचं होतं, पण पेरलेलं मी.

उन्हाळ्यात मशीनच्या भागातली जागा भरत आली. कशानं भरली ते शोधायला मी नोंदींचा भाग खाली उतरवला. त्या रिकाम्या फोल्डरमध्ये एक फाइल होती. नोंदी मोजल्या, एकशेबारा.

वाळत घातलेल्या शेंगांवर ताडपत्री टाकावी तसं हे असतं. भाग वर चढला की फोल्डरमधलं आधीचं सगळं खाली झाकलं जातं. ते जात नाही, नुसतं दिसत नाही. युनिक्स शिकवणाऱ्या कुठल्याही पुस्तकात हे असतं, मीही वाचलेलं होतं. तिच्या जागी भावकीतली असती तर मी तो भाग दहा वेळा उतरवून पाहिला असता. हे मला तिथंच, त्या खुर्चीत कळलं.

तरी मी मालकांना बोललो नाही. फाइल पुसून टाकली. युनिक्स ‘नक्की ना?’ असंही विचारत नाही.

दोन-तीन वर्षांनी इंदापूरच्या स्टँडवर ती भेटली. हातात एका शाळेचं हजेरीबुक होतं.

“सर, त्या नोंदी घावल्या का वो कधी?” तिनं विचारलं. कशाच्या नोंदी, हे मला विचारावं लागलं नाही.

“सापडल्या. तुम्ही टाइप केल्या होत्या.” तिला ‘तुम्ही’ म्हणायची ती माझी पहिली वेळ.

“कवा घावल्या?”

मला खोटं बोलता आलं असतं. “त्याच उन्हाळ्यात,” मी म्हणालो.

शेळगावची गाडी लागली तशी तिनं पिशवी उचलली.

“आमचं आबा इचारायचं, ‘पोरी, खरंच केलं हुतंस न्हवं?’ म्हनून,” ती म्हणाली. “पार मरंस्तवर इचारत हुतं.”