खाली न टेकवलेला कॅन

उत्तरेतल्या त्या घळीत आमची प्लाटून आठ महिने होती. आता तिथे टुरिस्टांच्या गाड्या जातात. इकडे गावाकडे, रामनगरच्या बसस्टँडवर भेटेल तो मोबाईलवर तिथले फोटो दाखवून विचारतो, "काका, त्या गरम पाण्यानं गुडघे खरंच बरे होतात का हो?" मी काय डॉक्टर आहे? एकदाच सांगून टाकतो, म्हणजे माझं डोकं खाणं थांबेल.

जागा देखणी, नाही म्हणत नाही. दोन्ही बाजूंना उभे कडे, खाली नदी, काठच्या खडकातून वाफाळतं पाणी. दर रविवारी पाच जणांना तिथे अंघोळीला सोडायचे. सकाळी नऊला निघायचं आणि दुपारी एकच्या आत घसरणीचा पट्टा ओलांडून परतायचं. एकनंतर उन्हानं वरचा बर्फ सुटतो आणि दगड येतात.

त्या रविवारी पार्टी कमांडर मी, हवालदार. सोबत चार जवान. त्यातला लान्स नायक नागेश कुंभारवाड्याचा, म्हणजे माझ्याच जोयडा तालुक्यातला. त्यानं पाच लिटरचा कॅन आणला होता. चिखलात रोपं लावून लावून त्याच्या आईचे गुडघे गेले होते. सुट्टीवर जाताना तिच्यासाठी हे पाणी न्यायचं होतं.

"अरे, घरी पोचेस्तोवर ते गार होणार. मग ती चुलीवर तापवणार. मग गावच्या विहिरीनं काय घोडं मारलंय?"

"ते तीर्थ हाय, उस्ताद. विहिरीचं पाणी न्हाई."

बरं, भरावं आणि निघावं? नाही. आमच्याकडे परक्या रानातलं काही उचलायचं तर आधी तिथल्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालतात. नारळ नव्हता, म्हणून यानं खडकावर रेशनचे शंकरपाळे ठेवले आणि हात जोडून सुरू झाला. गावचा देव, आजे-पणजे, पोस्टवरचा एकेक जवान, माझंसुद्धा नाव. "व्हय म्हाराजा" म्हणायला बाकीचे तिघे उभे केले. मी घड्याळ बघत होतो. वीस मिनिटं गेली.

पट्ट्याशी पोचलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. ऑर्डर कायमची होती. एकेकानं पळायचं, अंगावर ओझं नको. सामान अलीकडे ठेवून मागून दोरीनं ओढून घ्यायचं. तिघे पार झाले. नागेश कॅन छातीशी धरून उभाच.

"ठेव खाली. पळ."

"तीर्थ भुईला टेकवायचं न्हाई, उस्ताद. तुम्ही धरा."

"मी काय तुझा हमाल आहे?"

दोन मिनिटं हुज्जत झाली. शेवटी वैतागून मी कॅन हिसकावला. तो हसला आणि पळाला. निम्म्यात पोचला होता. दगड मी पाहिला, ओरडलो. त्याला ऐकू गेलं नाही.

माझ्या एका हातात कॅन, दुसऱ्या हातात रेडिओ.

"एक कॅज्युअल्टी. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

"किती सीरियस? ओव्हर."

हुज्जत न घालता आधीच हात पुढे केला असता तर तो वाचला असता. हे मी रोज स्वतःला सांगतो.

नागेश तिरंग्यात घरी गेला. मला पोस्ट सोडता आली नाही. दीड महिना तो कॅन बंकरमध्ये खिळ्याला टांगलेला होता आणि मी त्याला येताजाता शिव्या घालत होतो. मग सुट्टी मिळाली. रेल्वेत दोन दिवस तो मांडीवर.

"सीटखाली सरकवा की. आहे काय एवढं त्यात?" शेजारचा म्हणाला.

"पाणी."

त्याला मी वेडा वाटलो. संडासला जाताना त्यालाच धरायला लावला.

जोयड्याहून जीपनं कुंभारवाडा गाठला. म्हातारी अंगणात पाय पसरून बसली होती. मी त्या रविवारचं सगळं सांगितलं आणि कॅन पुढे केला. तिनं घेतला नाही.

"वाटेत कुठं टेकवलास?"

"न्हाई, आई. नागेशनं सांगितलं हुतं."

कॅनच्या कडीनं माझ्या बोटांवर वळ उठले होते. तिनं ते वळ पाहिले.

"माझ्या पोरानं न्हाई ठेवला," ती म्हणाली. "तू तरी ठेव आता खाली, पुता."

मी ठेवला.