सारवताना मागं सरायचं असतं

त्यानं माझी वेणी धरली आणि बसल्या जागेवरून फरपटत मला दाराकडं ओढलं. वॉचमन होता तो. माझ्यासारखाच कंत्राटी, रोज सकाळी मला 'ताई' म्हणणारा. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत शेणामातीनं भरलेले, त्यामुळं कशाला धरताही येईना. दाराशी आल्यावर शेठनं मागून कमरेत लाथ घातली. मी पायरीवरून खाली तोंडावर पडले. दात लागून ओठ फाटला. वर बघितलं तर समोर माझी पोरगी. अकरावीत आहे. आईचं काम बघायला म्हणून ठेवणीतला ड्रेस घालून आली होती.

शेठ मोठ्यानं म्हणाला, "यांना उंबऱ्याच्या आत घेतलं की असंच होतं."

त्या इमारतीला उंबरा नाही. काचेचं सरकतं दार आहे, माणूस जवळ गेलं की आपोआप उघडतं. तरी शेठच्या तोंडात उंबराच आला.

ही इमारत म्हणजे शेठनं काढलेलं म्युझियम. गंगापूर रोडला, नव्या सोसायट्यांच्या मागं. आजच्या काळातल्या कलावंतांची चित्रं तिथं लावतात, लोखंडाच्या, कापडाच्या, कशाकशाच्या वस्तू मांडतात. मला त्यातलं अर्धं कळत नाही, पण अर्धं आवडतं. मी तिथं साफसफाईला होते. नाशिक रोडहून दोन बस बदलून यायचं, मागच्या गेटनं आत शिरायचं, काचा पुसायच्या, संडास धुवायचे. तीन वर्षं केलं.

मग एक कलावंत बाई आल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, मीही म्हणायची. त्यांना एका दालनाची अख्खी जमीन शेणामातीनं सारवून हवी होती. सुपरवायझरनं आम्हा बायकांना उभं करून विचारलं, कुणाला येतं. मी हात वर केला. आईकडून शिकले होते. खरं सांगते, आनंद झाला मला. तीन वर्षांत पहिल्यांदा तिथं मला काय येतं असं कुणी विचारलं होतं.

चार दिवस खपले. शेण मी स्वतः निवडून आणलं. पण मॅडम भुसा घालू देईनात. मी म्हटलं, मॅडम, भुसा नसला तर तडकतं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, बघू या. त्यांनी माझ्या हातांचे फोटो काढले. तोंड मध्ये येत होतं म्हणून मान खाली घालायला सांगितली. जाताना म्हणाल्या, पुढच्या शनिवारी उद्घाटनाला या, मुलीलाही आणा.

मधले आठ दिवस दालनाला कुलूप होतं. शनिवारी पोरीला घेऊन चार वाजताच गेले. दालनात डोकावले. सगळी जमीन तडकली होती. टाचेला पडतात तशा भेगा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आमच्याकडं जमीन तडकली तर मातीला कुणी नावं ठेवत नाही, बाईला ठेवतात. हिला सारवता येत नाही म्हणतात. दोन तासांनी पाहुणे येणार, आणि हे माझ्या आईचं काम म्हणून पोरगी कुणाला तरी सांगणार. लाज वाटली मला. मागच्या पडवीत उरलेली माती होती, बादलीत शेण होतं. कालवलं आणि बसले भेगा बुजवायला. अर्धं दालन बुजवलं होतं, तेवढ्यात मॅडम आल्या आणि किंचाळल्या. ते ऐकून शेठ आणि वॉचमन धावत आले.

भेगा हेच त्यांचं चित्र होतं. आठ दिवस खोली बंद ठेवून, तापणारे दिवे लावून त्यांनी त्या पाडून घेतल्या होत्या. भिंतीवर पाटी होती, ती पोरीनं नंतर मला वाचून दाखवली. भूमीच्या सोसण्याबद्दल काहीतरी लिहिलं होतं.

चूक माझी. विचारायला हवं होतं. पण त्यांनी तरी कुठं सांगितलं होतं? सांगण्यासारखी मी त्यांना दिसलेच नव्हते, हातच दिसले होते. आणि चूक झाली तर माणसाला बोलतात, कामावरून काढतात. लाथ मारायला मी काय कुत्रं होते?

लाथ मला नवी नव्हती.

आमचं गाव दिंडोरीच्या अंगाला. मी नऊ वर्षांची असेन. सण आला की मळ्यातल्या मालकाकडं आईला सारवायला बोलवायचे. अंगण आणि ओटा. घरात नाही. आत त्यांच्या घरच्या बाया सारवायच्या, कारण आमचा हात लागलेल्या जमिनीवर त्यांना चालायला चालायचं, जेवायला चालायचं नाही. सारवायची रीत अशी, की आतल्या भिंतीपासून सुरुवात करायची आणि उकिडवं बसून मागं मागं सरायचं. ओल्यावर पाय पडता कामा नये. शेवटचा हात फिरवला की सारवणारी बाई बाहेर असते. आई तशीच सरत सरत ओट्यावरून अंगणात, अंगणातून वाटेवर यायची. मागं वळून कधी बघायची नाही.

त्या दिवशी मला तहान लागली होती. दारातून आतला माठ दिसत होता. मी ओल्या ओट्यावरून पळत गेले आणि उंबरा ओलांडला. पेल्याला हात लावायच्या आत मालकानं मला दंडाला धरून अंगणात भिरकावलं. मग तो आईकडं वळला. "ओट्यापर्यंत येऊ देतो तर घरात शिराया लागली का गं तुमची जात?" त्यानं आईची मान धरली आणि तोंड शेणकाल्याच्या घमेल्यात दाबलं. एकदा. दोनदा. आई पाय झाडत होती. तोंड वर आलं तेव्हा नाकातून रक्त येत होतं आणि ती म्हणत होती, "चुकलं मालक. पोर हाय. परत नाय व्हणार."

मग ती खाली बसली आणि ओट्यावरचे माझे पायांचे ठसे एकेक करून पुसले. पुन्हा मागं मागं सरत बाहेर आली. घरी आल्यावर तिनं मला शिंदीच्या फोकानं मारलं. मालकाला मारता आलं नाही ते सगळं मला मारलं. पाठीवरचे वळ गेले. पण आपल्या पोरीचे ठसे आपल्याच हातानं पुसणारी आई डोळ्यांपुढून जात नाही.

शनिवारी म्युझियममधून घरी आल्यावर पोरीनं विचारलं, "आई, तू काहीच का बोलली नाहीस?"

माझा हात उठला. तिला मारायला. शेठवर न उठलेला हात पोरीवर उठला. तिनं तोंड चुकवलं नाही, बघत राहिली. आणि मला माझ्या हातात आईचा फोक दिसला. तोंडात रक्ताची चव होती. मी हात खाली घेतला आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडले. पोरगी पाणी घेऊन आली.

तिसऱ्या दिवशी सुपरवायझरचा फोन आला. मॅडमना नवीन कल्पना सुचली होती. आता पाहुण्यांसमोरच सारवायचं. पाहुणे काचेबाहेर खुर्च्यांवर बसणार, मी आत सारवणार. "मान खाली ठेवायची आणि बोलायचं नाही," तो म्हणाला. "आली नाहीस तर उद्यापासून कामाला येऊ नको." माराबद्दल एक शब्द नाही. मी म्हटलं, येते.

पोरीला बरोबर घेतलं. तिला सांगितलं, काचेशी उभी राहा आणि काही झालं तरी मध्ये पडू नको.

पंचवीस-तीस माणसं असतील. हातात सरबताचे ग्लास. शेठ पुढच्या रांगेत. मी पदर खोचला, घमेलं घेतलं आणि दाराशीच बसले. दारापासून सुरुवात केली. कुणाला काही कळलं नाही. ज्यांच्या घरात कधी सारवलंच नाही, त्यांना कोणत्या बाजूनं सारवतात हे काय माहीत? मी सरत गेले. दार लांब गेलं. माझ्यासमोर ओलं पसरत गेलं. तासाभरात पलीकडच्या भिंतीला पाठ लागली. उभी राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मॅडमनी हातानं खूण केली, बाहेर या. मी हलले नाही. मग त्या दाराशी आल्या आणि ओलं बघून थांबल्या. तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं. मधे सगळी ओली जमीन आणि मी आत.

मी बोलले. "शेठ, शनिवारी ज्या पायानं मला लाथ मारली, तो पाय घेऊन आत या. ह्या ओल्यावरून चालत या आणि माझी माफी मागा. ठसा राहू द्या, लोकांना बघू द्या."

सगळे शेठकडं बघू लागले. तो आधी हसला, मग लाल झाला. वॉचमनला म्हणाला, काढ हिला बाहेर. वॉचमन दाराशी आला. बूट काढले त्यानं. माझ्याकडं बघितलं, माझ्या ओठाकडं बघितलं. मग बूट परत पायात घातले आणि बाजूला जाऊन उभा राहिला. पुढं त्याची नोकरी गेली असं ऐकलं. त्यानं माझी वेणी ओढली होती हे मी विसरलेले नाही. बूट घातले तेही विसरलेले नाही.

शेठ ओरडला, पोलीस बोलवा. मी म्हटलं, बोलवाच.

पोलीस आले तेव्हा मी निघाले. सरळ, समोर तोंड करून, शेठच्या डोळ्यांत बघत, ओल्या सारवणाच्या मधून. बारा पावलं पडली. एकही पुसलं नाही.

चौकीत हवालदारानं विचारलं, जात काढली का त्यांनी? मी म्हटलं, "जात नाही काढली. उंबरा काढला. लिहा तसंच." तो लिहीना. मी आणि पोरगी बाकावर बसून राहिलो. शेवटी दुपारी साहेब आले, तेव्हा लिहिलं.

काम गेलं. अंबडला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये लागले आहे. गावाहून आईचा फोन येतो. "मिटव बाई, मोठ्याच्या नादी लागू नाय," म्हणते. मी तिला दोष देत नाही. तिचं तोंड घमेल्यात दाबलं होतं, तेव्हा तिच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं. माझ्या बाजूनं माझी पोरगी आहे, आणि मी स्वतः आहे.

परवा शेठचा माणूस घरी आला. म्हणाला, शेठ माफी मागायला तयार आहेत, तक्रार मागं घ्या.

मी त्याला दारातच उभं ठेवलं. म्हटलं, ओलं होतं तेव्हा यायचं होतं. आता वाळलं. कोर्टात या म्हणावं.