लाल मास्क आणि सासूबाईंचं गाऱ्हाणं

बायांनो, आत्ताच घडलंय, लगेच लिहिते.

सुरकुत्या घालवणारा तो लाल दिव्यांचा मास्क मी महिन्यापूर्वी गुपचूप मागवला. जवळजवळ अख्खा पगार त्यात गेला. आज दुपारी पडदे ओढून, मास्क लावून पलंगावर पडले होते.

तेवढ्यात सासूबाई बाजारातून आल्या आणि त्यांनी दार ढकललं. अंधारात लालभडक चेहरा! मला वाटलं, आता किंचाळणार. त्यांनी मासळीची पिशवी खाली ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडून, आमच्या कोकणात देवाला घालतात तसं चक्क गाऱ्हाणं घातलं!

"बा देवा महाराजा, तू जो कोण असशील तो, माझ्या सुनेला धरू नको. पोर हल्ली आरशात बघून रडते. तिच्या मनात जो काय सल असेल, तो दूर कर रे महाराजा!"

मी गारच पडले. सासूबाईंना हे कसं कळलं? नवऱ्यालासुद्धा पत्ता नाही!

गाऱ्हाण्याला ऐकणाऱ्यांनी होकार द्यायचा, ही लहानपणापासूनची सवय. मास्कच्या आतून आपोआप निघालं, "होय महाराजा!"

मग मात्र त्या किंचाळल्या.

महिनाभरात सुरकुती एक हललेली नाही. मास्क विकायचाय. पण आधी सांगा, तुमचा चेहरा घरात इतका नीट कोण बघतं?