डोक्यासकट तळलेले मासे

डिसेंबरात नाशिकहून निघताना माझ्याजवळ एक पिशवी आणि एक यादी होती. यादीच्या पहिल्या दोन ओळी अशा: पांढुर्ण्याला उतरून मोहरीचं तेल घेणे. सौसरला मासे तळणे.

कमल ही माझी नागपूरच्या ट्रेनिंग कॉलेजातली मैत्रीण. ती सौसरला शाळेत शिकवते. तिच्या मुलीला, रेखाला, तपन नावाच्या बंगाली मुलाशी लग्न करायचं होतं. तपन पांढुर्ण्याला बँकेत कारकून होता आणि त्याची आई मुलगी पाहायला बर्दवानहून आली होती. "त्यांच्या घरी जेवते, मग सांगते," एवढंच ती म्हणाली होती. कमलचं घर बौद्ध. तिच्याच शाळेतल्या दोघी-तिघी तिच्या घरचं पाणीही घेत नाहीत. त्यामुळे या जेवणाचा अर्थ तिला वेगळा सांगायला नको होता. मी बंगालमधल्या खरगपूरच्या रेल्वे कॉलनीत सहा वर्षं काढलेली, म्हणून तिने मला बोलावलं. मी उलट टपाली कार्ड पाठवलं: 'मासे एक किलो, नदीचे, बोटाएवढे. साफ करून ठेवणे.'

नागपूरनंतर गाडीच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा आणि वेचणी चाललेली कपाशीची शेतं लागली. पांढुर्ण्याच्या फलाटावर संत्र्यांच्या पेट्या इतक्या रचल्या होत्या की बाहेरचा रस्ता शोधावा लागला. तपन तेलाचा डबा घेऊन उभा होता. बसला तासभर अवकाश होता, म्हणून त्याने मला जाम नदीपर्यंत नेलं. पाणी घोट्याएवढं, पलीकडे सावरगावची घरं. त्याचं मराठी चार वर्षांत अगदी तिथलं झालं होतं.

"मौसी, मा चार दिवसांपासून काहीच बोलून नाही राहिली," तो म्हणाला. "रागावली असती तं बोलली असती."

मी त्याला सांगितलं, उद्या आईला अकराच्या बसने आण आणि वाटेत काही खाऊ घालू नकोस.

सौसरची बस दर दोन मैलांना थांबत होती. शेजारच्या बाईंनी माझ्या डब्याचा वास घेऊन विचारलं, कोणाची मालिश करायची आहे? मासे तळायला आहे म्हटल्यावर त्यांनी आपली पिशवी दुसऱ्या बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलचे यजमान रामाकोन्याहून कन्हान नदीचे मासे घेऊन आले. मासे थेट मागच्या अंगणात गेले. तिथे भागाबाई होती. ती मागच्याच घरात राहते आणि गल्लीतल्या सगळ्यांचे मासे तीच साफ करते. मी आत मसूर निवडत होते. भांडं माझ्यासमोर आलं तेव्हा मासे स्वच्छ, चकचकीत होते आणि एकालाही डोकं नव्हतं.

बंगालीत या माशांना मौरला म्हणतात. त्यांचं फक्त पोट दाबून घाण काढायची. डोकं तर हवंच, तेच सगळ्यात कुरकुरीत होतं. हे मी कार्डात लिहिलं नव्हतं. खरगपूरला ते कोणाला सांगावं लागत नसे. आणि या गल्लीत साफ करणं म्हणजे डोकी काढणं, आणि ती डोकी साफ करणारीची. तोच तिचा मोबदला. चूक माझीच होती.

दुसरे मासे आणायला वेळ नव्हता. कमल बेसन आणि लसूण-तिखट घेऊन आली. त्याशिवाय मासे कढईला चिकटतात, असं तिचं म्हणणं. मी ते परत पाठवलं. मासे मीठ-हळद चोळून दहा मिनिटं ठेवले, सुटलेलं पाणी निथळलं. मोहरीचं तेल धूर येऊन रंग उतरेपर्यंत तापवलं आणि मूठ-मूठ मासे सोडले. खालची बाजू घट्ट होईपर्यंत झारा लावायचा नाही, मग चिकटत नाहीत. शेवटी चिरलेल्या हिरव्या मिरच्या त्याच तेलात.

तपनची आई उंच, शांत बाई होती. पानावर बसली. भात, मसूर डाळ, मासे. तिने एक मासा उचलला, उलटासुलटा केला आणि परत ठेवला.

"मुंडी किधर गया?"

कमलने माझ्याकडे पाहिलं. नदीचे मासे असेच मिळतात, असं काहीतरी मी सांगावं, अशी तिची नजर होती. मी तोंड उघडण्याआधी रेखा बोलली.

"मुंडी भागाबाई ले जाती है. साफ करने का उसका हक है."

"किधर है भागाबाई?"

रेखाने मागच्या दाराकडे बोट दाखवलं. तपनची आई उठली. जेवणाला हात न लावता उठली, कमलला एवढंच दिसलं. आम्ही मागोमाग गेलो. भागाबाई चुलीपुढे होती आणि तव्यावर जवसाच्या तेलात डोकी तडतडत होती. तपनची आई तिच्याजवळ जमिनीवरच बसली आणि हात पुढे केला.

"माय, लय तिखट हाय," भागाबाई म्हणाली. पण पळसाच्या पानावर चार डोकी ठेवली.

तपनच्या आईने ती चावून खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं. मग रेखाला आमचं तेल आणायला सांगितलं आणि उरलेली डोकी स्वतः तळायला घेतली. झाल्यावर अर्धी भागाबाईपुढे सारली.

"पाहा वो मास्तरीणबाई," भागाबाई कमलला म्हणाली, "सकाळपासून मी साफ करून राहिली, अन् अर्धा हिस्सा पाव्हणी खाऊन राहिली."

आत येऊन तपनची आई पुन्हा पानावर बसली. बिनडोक्याचे मासे, डाळ, भात, सगळं संपवलं. हात धुताना तपनला म्हणाली, "फागुन में छुट्टी ले लेना." रेखाच्या हातून टॉवेल घेतला आणि मागच्या दाराकडे पाहत तिला म्हणाली, "उसको भी बुलाना."

कमल स्वयंपाकघरात गेली. चहाचं आधण ठेवलं.

परतीच्या गाडीत मी यादी काढली. कामं झाली होती, त्यांवर रेघा मारल्या. खाली 'मासे साफ करताना डोकी ठेवणे' असं लिहायला घेतलं आणि पेन मिटलं. मी कार्डात नीट लिहिलं असतं, तर डोकी आमच्या कढईत पडली असती, भागाबाईची चूल रिकामी राहिली असती आणि तपनच्या आईला ते मागचं दार दिसलं नसतं.

आता नाशिकच्या बाजारात कोळीण विचारते, डोकी काढू का? मी म्हणते, राहू द्या. आणि घरी आल्यावर त्यातले मूठभर तळून, माझी भांडी घासणाऱ्या बाईंच्या डब्यात आधी घालते.